बायजाच्या घरातली माणसं

मुरबाड तालुक्यावर एक लहानसं पुस्तक लिहून द्यावं, असा हुकूम मला १८८० सालच्या आषाढात आला. मी तेव्हा मुरबाडच्या शाळेत मास्तर होतो. तालुक्याचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या, तिसऱ्या इयत्तेतल्या मुलांना समजेल अशा भाषेत आणि चाळीस पानांच्या आत. मी जन्माने कल्याणचा. मुरबाडला येऊन चार वर्षं झाली होती, पण कल्याणचा रस्ता आणि म्हशाची जत्रा यांपलीकडे मी तालुक्यातलं काही पाहिलं नव्हतं.

इतिहास कचेरीतल्या जुन्या कागदांवरून निभावला. नाणेघाटातला कोरीव लेख, घाटावरून कल्याणच्या बंदराकडे उतरणारे बैलांचे तांडे, पोर्तुगीज, मग पेशवाई, अशी बारा पानं झाली. भूगोलाला मात्र अडलो. नकाशात पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत काढलेली होती, तिथून निघून पश्चिमेला जाणारी काळू नदी होती आणि मोठ्या गावांचे ठिपके होते. भिंतीच्या पायथ्याशी ठाकरांचे आणि कोळ्यांचे पाडे आहेत, तिथे नकाशा कोरा होता. मामलेदार म्हणाले, "मार्सेलला विचारा. देवी काढायला तो सगळीकडे जातो."

मार्सेल हा ठाण्याजवळच्या माजिवड्याचा ख्रिस्ती. घरी भातशेती होती, पण पाद्र्यांच्या शाळेत चार इयत्ता शिकल्यामुळे तो सरकारच्या देवी काढणाऱ्यांत, म्हणजे देवीची लस टोचणाऱ्यांत लागला. दर साल कार्तिकात तो मुरबाडला यायचा आणि फाल्गुनापर्यंत पाड्यापाड्याने हिंडून मुलांना टोचायचा. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. मी त्याला वाटा विचारल्या, तेव्हा तो म्हणाला, "मना वाटा ठाव नाय, मास्तर. मी तिच्या मागून चालतो. तुमी बायजाला विचारा."

अशी बायजा मला भेटली. दिवाळीच्या दिवसांत एका बाजाराच्या दिवशी ती मार्सेलबरोबर शाळेत आली आणि पायऱ्यांच्या खाली अंगणात बसली. उंबरवाडीची ठाकरीण. वय पस्तीस असेल किंवा पन्नास. तोंडावर देवीचे व्रण इतके दाट होते की ती हसते आहे की नाही ते कळत नसे. तशी ती हसतही नसे. मामलेदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ती अरेतुरे करायची. त्यात उद्धटपणा नव्हता, तिच्या बोलीत दुसरं काही नव्हतंच.

मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. ह्या ओढ्याला चैतापर्यंत पाणी असतं. त्या टेकडीच्या मागे नऊ घरं आहेत, आधी तीस होती, बाकीची देवीत गेली. पुढे करवंदीचं रान, मग कातकऱ्यांच्या चार खोपट्या. ओढ्याचं पाणी आणि देवीत गेलेली घरं ती एकाच आवाजात सांगायची.

"उंबरवाडीपासून पुढच्या पाड्यापर्यंत किती लांब?" मी विचारलं.

"दोनदा पाजायला लागतं."

मला कळेना. मार्सेलने समजावून सांगितलं. ती पहिल्यांदा ह्या वाटा चालली तेव्हा तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. वाटेत त्याला कितीदा अंगावर घ्यावं लागलं, यावर तिची अंतरं ठरलेली होती. मी मार्सेलच्या आणि माझ्या अंदाजाने एका पाजण्याचे सव्वादोन मैल धरले. पुस्तकात उंबरवाडीपासून पुढच्या पाड्याचं अंतर साडेचार मैल दिलं आहे, ते असं आलेलं आहे. पुढे कुणी साखळी लावून मोजलं, तर चूक निघेल.

"मुलं किती तुला?" मी उगाच विचारलं.

"एक लेक. हौशी."

"कुठे असते?"

"घरी."

मार्सेल तेव्हा उठून अंगणाच्या कडेला गेला आणि चिलीम भरत बसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिची हकीकत मला तिच्याकडून थोडी आणि मार्सेलकडून बरीच कळली. तिचा नवरा काळुराम उंबरवाडीच्या दहा माणसांबरोबर कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर गेला होता. तिथे पटकीची साथ आली. दहांतले तिघे परत आले. त्यांनी येऊन सांगितलं तेव्हा बायजा भाताच्या लावणीत चिखलात उभी होती आणि पोटात सात महिन्यांची हौशी होती. राहिलेलं वाफ्याचं काम तिने पुरं केलं आणि मग घरी गेली. हे मला तिनेच सांगितलं. मी विचारलं, मग घरी जाऊन काय केलंस. ती म्हणाली, "भाकर केली."

हौशी सव्वा वर्षाची असताना मार्सेल पहिल्यांदा उंबरवाडीला आला. विजार घातलेला, पेटीत चाकू ठेवणारा माणूस पोरं टोचायला येतो आहे म्हटल्यावर सगळी वाडी पोरं उचलून रानात पळाली. एकटी बायजा दारात बसून राहिली.

"तू गो का नाय पळाली?" मार्सेलने तिला पुढे कधीतरी विचारलं होतं.

"पळून कुठं जायाचं," ती म्हणाली होती.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्यात तिचे दोन भाऊ गेले, ती हे तोंड घेऊन उरली. मार्सेलने समजावलं की ह्या पोरीला आता थोडं टोचलं तर पुढे देवी येणार नाहीत. तिने पोरीचा दंड पुढे केला.

त्या काळी लस आतासारखी काचेच्या नळीतून येत नसे. एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी दंडावरचा फोड भरायचा. त्यातली लस काढून दुसऱ्या मुलाला टोचायची. म्हणजे पुढच्या गावाला लस न्यायची तर ते मूलच न्यावं लागे, आणि मुलाबरोबर आई. आठव्या दिवशी बायजा हौशीला कडेवर घेऊन मार्सेलबरोबर पुढच्या पाड्याला गेली. तिथल्या बायकांनी दारं लावून घेतली. बायजा अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं तोंड बघा. आता हिचं बघा. हिचं असंच राहील."

दारं उघडायला दुपार झाली, पण उघडली. मार्सेलला समजलं की पेटीपेक्षा ही बाई जास्त कामाची आहे. हौशीच्या दंडावरची लस त्याच दिवशी संपली होती, आता दुसऱ्या कुणाचं मूल पुढे जाणार होतं. तरी त्याने बायजाला परत जाऊ दिलं नाही. शिधा त्याच्याकडून आणि काम एवढंच, की प्रत्येक पाड्यावर आधी तिने अंगणात उभं राहायचं. चार हंगाम मायलेकी त्याच्याबरोबर फिरल्या. हौशी चालायला लागली, बोलायला लागली. अंगण आलं की न सांगता ती दंडावरचे चार वण दाखवायची. मार्सेलची बायको बिट्रिस हिने माजिवड्याहून तिच्यासाठी एक झगा शिवून पाठवला होता. तो घालून ती पाड्यापाड्याने हिंडली.

१८६९ च्या भादव्यात हौशीला हिंवताप आला. देवीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या साली सगळ्या डोंगरपट्टीत हिंवतापच होता. "सहा दिस आंग तापलं. सातव्या दिशी गार झालं," बायजा मला म्हणाली.

पण हे सगळं तिने सांगितलं ते नंतर. दिवाळीत तिने मला, लेक घरी आहे, एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते मला माघात कळलं.

१८८१ च्या माघात सबंध मुलखाची खानेसुमारी झाली. डोंगरपट्टीच्या काही पाड्यांची मोजणी माझ्याकडे आली. पुस्तकातला लोकसंख्येचा भाग मला त्यातूनच लिहायचा होता, म्हणून मी आनंदाने गेलो. बरोबर ताडून पाहायला मागच्या, म्हणजे १८७२ च्या मोजणीची घरयादी होती. उंबरवाडीची ती यादी मार्सेलच्या अक्षरात होती. तेव्हा त्या बाजूला लिहिता येणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून मोजणी त्याच्यावर सोपवलेली होती.

सकाळच्या उन्हात मी एकेक घर घेत गेलो. बायजाचं घर सातवं. ती दारापुढे नाचणी पाखडत होती.

"घरात माणसं किती?"

"एक. मीच."

मी यादी पाहिली. घर सातवं, बायका दोन, एक मोठी आणि एक सात वर्षांची.

"आणि हौशी? लग्न केलंस काय तिचं?"

तिने सूप खाली ठेवलं. "मेली ती."

"कधी?"

तिने बोटांवर मोजलं. "अकरा पावसाळे झाले. हा बारावा येल."

मी पुन्हा यादी पाहिली. अकरा पावसाळ्यांपूर्वी गेलेली मुलगी नऊ वर्षांपूर्वीच्या यादीत होती. मला वाटलं, हिचा हिशेब चुकला. ठाकरांना वर्षं नीट सांगता येत नाहीत, असं आम्ही कचेरीतली माणसं नेहमी म्हणतो.

"बायजा, ह्या यादीत ती आहे."

"व्हय. मीच सांगितली."

"मेल्यावर?"

"व्हय."

"आणि दिवाळीत मला घरी आहे म्हणालीस."

"तवा व्हती," ती म्हणाली. मग मला समजत नाही असं पाहून तिने सावकाश सांगितलं, शाळेत मी मुलांना सांगतो तसं. "आता सोळा सरली तिची. ह्या माघात दिलीच असती कुणाला. दुसऱ्याच्या घरात गेली असती. मग माझ्या घरात तू ती कशी मोजशील? मी एकटीच झाले ना."

मी एक लिहिलं. तिने सूप उचललं आणि नाचणी पाखडायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या डोळ्यांत होतं असंही मला म्हणता येत नाही. मी आठव्या घराकडे गेलो, मग नवव्या. दुपारपर्यंत चौदा घरं झाली.

त्या आठवड्यात मार्सेल टोकावड्याला होता. मी वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो आणि यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही.

"ती एकोणसत्तर सालची दिवाळी," तो म्हणाला. "मी वाडीवर आलो. ही बोचकं घेऊन उभी. हौशी कुठं म्हटलं, तर म्हणाली, जड झाली आता, घरी ठेवली. मना खरं वाटलं. आठ दिवसांनी तिच्याच वाडीचा एक माणूस भेटला, त्याने सांगितलं."

"मग तू तिला विचारलंस?"

"नाय. त्याच दिवशी एका अंगणात एक बाई तिला म्हणाली, तुझी ती पोर कुठाय, जिती हाय का. मी पेटी उघडून बसलेलो. मास्तर, तिने नाय म्हटलं असतं तर त्या पाड्यावर एक पोर मना मिळालं नसतं. ही म्हणाली, हाय, पाच वर्साची झाली, शेरडं राखते. बाईने पोर पुढं केलं. मी टोचलं."

त्यानंतर प्रत्येक पाड्यावर हौशीची चौकशी व्हायची आणि प्रत्येक सालात हौशी एका वर्षाने मोठी व्हायची. सहाची झाली, सातची झाली. केस लांब झाले, चुलीजवळ बसायला लागली. बायजा हे सगळं न अडखळता सांगायची. मार्सेल कधी मध्ये बोलला नाही. त्याच्या वहीतली टोचलेल्या मुलांची संख्या दर साल वाढत होती आणि वरून शाबासकीचं पत्रही आलं होतं.

"मग मोजणीचं साल आलं. मी दारात जाऊन विचारलं, घरात किती. ती म्हणाली, दोन, मी न् हौशी. वय विचारलं. सात म्हणाली. बरोबर सातच झालं असतं."

"आणि तू लिहिलंस."

"दोन वर्सं मी त्या पोरीच्या नावावर काम करत व्हतो, मास्तर. मी कुठल्या तोंडाने खोडू?"

पुढे कल्याणहून एक कारकून मोजणी तपासायला आला होता. दहा घरांतलं एक घर तो स्वतः पाहायचा. उंबरवाडीत त्याने नेमकं सातवं घर निवडलं. मार्सेल बरोबर होता. घराला कडी होती. बायजा कुठेतरी लाकडांना गेलेली. कारकुनाने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, ह्या घरातल्या बाया कुठे आहेत. म्हातारा खाटेवर बसला होता. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, बायजाने यादीत काय सांगितलं हेही त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो म्हणाला, "दोघी रानात गेल्यात." कारकुनाने खूण केली आणि तो पुढे गेला.

मी मुरबाडला परत आल्यावर लोकसंख्येचा भाग लिहायला घेतला. नऊ वर्षांत तालुक्यात किती माणसं वाढली, हे वजाबाकी करून द्यायचं होतं. जुना आकडा एकाने जास्त आहे हे मला माहीत होतं. मी दोन दिवस थांबलो आणि मामलेदारांना नाव न घेता विचारलं, की मागच्या मोजणीत एखाद्या घरी एक माणूस जास्त लागलं असल्याचं कळलं, तर काय करावं.

"आकडा साठ हजारांच्या घरात आहे, मास्तर," ते म्हणाले. "त्यात एक म्हणजे काय? छापलेला आकडा घ्या."

मी छापलेला आकडा घेतला. त्यामुळे माझ्या पुस्तकात मुरबाड तालुक्याची वाढ एका माणसाने कमी दाखवली गेली आहे. तिसऱ्या इयत्तेची मुलं ती वजाबाकी पाट्यांवर करत आली आणि ती बरोबर येते.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी बायजाला निरोप पाठवला. ती बाजाराच्या दिवशी मोळी विकून शाळेत आली. उंबरवाडीवर चार ओळी होत्या, त्या वाचून दाखवल्या. सिद्धगडाच्या पायथ्याशी वस्ती, घरे चौदा, पाण्याला ओढा, पीक नाचणी व वरी. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"घरं तेरा," ती म्हणाली. "एक कुटुंब खाली गेलं राहायला."

मी म्हटलं, आता छापून झालं. ती बरं म्हणाली आणि गेली.

पुढे दोन-तीन वर्षांत वासरांवर काढलेली लस मुंबईहून नळ्यांतून यायला लागली. मूल कडेवर घेऊन चालायची गरज संपली. डोंगरातल्या बायकाही आता पळत नव्हत्या, उलट मुलं घेऊन बाजारच्या गावी आपणच यायच्या. मार्सेलने बायजाला एक हंगाम उगाचच बरोबर ठेवलं. मग तीच आली नाही. कुणी हौशीचं विचारलं तर काय सांगायची, हे मी मार्सेलला विचारलं होतं. तो म्हणाला, "दिली, म्हणायची. लांब दिली." कुठे दिली हे कुणी विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर त्याला माहीत नव्हतं.

माझी बदली कल्याणला झाली. बायजाला मी आणखी दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा म्हशाच्या जत्रेत. एकदा ती नवं घोंगडं चाचपून बघत होती. तिने मला ओळखलं, काय रे मास्तर म्हणाली, आणि घोंगडं न घेता पुढे गेली.

१८९२ च्या फाल्गुनात उंबरवाडीचा एक माणूस कल्याणच्या बाजारात मध विकायला आला होता. त्याने सांगितलं की बायजा पौषात गेली. आजारी अशी नव्हती. दोन दिवस उठली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. वाडीने केलं सगळं.

मार्सेलला कळवायला हवं, असं मला वाटलं. तो नोकरीतून निघून माजिवड्याला राहत होता. पुढच्याच रविवारी मी ठाण्याला उतरलो आणि मिठागरांच्या बाजूने चालत त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. डोळ्यांत पडदा आला होता, पण आवाजावरून त्याने मला ओळखलं. बिट्रिसबाईंनी माझ्यासमोर शहाळं फोडून दिलं. मी त्यांच्या घरचं पाणी घेणार नाही, हे त्यांना न सांगता माहीत होतं.

मी बातमी सांगितली. मार्सेलने मान हलवली. बिट्रिसबाई दारातच उभ्या राहिल्या, मग आत गेल्या.

"किती वर्सांची व्हती?" मार्सेलने विचारलं.

मी आठवून पाहिलं. ८१ च्या मोजणीत मी तिचं वय लिहिलं होतं खरं, पण तिला न विचारता, तोंडाकडे बघून. काय लिहिलं होतं ते आता आठवेना. "पंचेचाळीस असेल," मी म्हणालो. "किंवा साठ."

"साठ नसेल," तो म्हणाला.

मग तो त्याच्या शेताबद्दल बोलू लागला. खाडीचा बांध फुटून त्या साली खारं पाणी आत आलं होतं आणि अर्ध्या भाताचं नुकसान झालं होतं. मुलगा बांध पुन्हा घालतो आहे, म्हणाला, पण त्याला माती नीट बसवता येत नाही. मी ऐकत शहाळं संपवलं. परतीच्या गाडीला अजून तास होता, तेव्हा त्याने मला बांध दाखवायला नेलं. दिसत नसलं तरी वाट त्याला पाठ होती. तो पुढे चालला आणि मी त्याच्या मागून.